लकडी पूल, हातोहात

मराठी माणूस प्रवासवर्णन लिहायला बसला, म्हणजे तो निदान नर्मदेची परिक्रमा तरी करून आलेला असतो. प्रस्तुत लेखकाच्या खात्यावर मुठा आहे. तिचीही परिक्रमा नव्हे, नुसतं ओलांडणं. आणि तेही डेक्कनच्या काठावरून अलका टॉकीजच्या काठाला, लकडी पुलावरून. धडधाकट माणसाचा हा प्रवास खिशातले शेंगदाणे संपायच्या आत संपतो. लेखकाला त्यासाठी अख्खी दुपार, एक हमाल, दोन कॉलेजकुमार, छत्रीवाले एक आजोबा, दोन हवालदार आणि हरियाणातले एक पाहुणे लागले.

गोष्ट २०११ सालची. कर्वे रस्त्यावर मेट्रोचे खांब तेव्हा उगवले नव्हते आणि त्या रस्त्याने जाताना आभाळ दिसत असे. लेखकाच्या वरच्या मजल्यावर हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण भाड्याने राहायचा. त्याचे वडील चार दिवस मुलाकडे आले. पानिपत आणि कर्नालच्या मधल्या एका गावचे शेतकरी, वय साठीच्या बरंच पुढे, उंची अशी की दारातून आत येताना चौकटीलाच संकोच वाटावा. जिन्यात पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी लेखकाचा हात आपल्या पंजात घेतला आणि म्हणाले, "हम भी मराठे हैं जी."

लेखक स्वतःला इतिहासप्रेमी म्हणवतो. म्हणजे ऐतिहासिक कादंबऱ्या त्याच्या कपाटात दर्शनी भागात असतात, आणि कुठल्याही गडावर तो ताकवाल्या मावशींपर्यंत चढतो. त्यामुळे रोड मराठ्यांबद्दल त्याने वाचलेलं होतं. पानिपत, कर्नाल, कुरुक्षेत्र, कैथल या टापूत रोड समाजाची गावं आहेत. १४ जानेवारी १७६१च्या लढाईनंतर ज्या मराठ्यांना दक्षिणेची वाट धरता आली नाही, जे तिथेच जंगलाच्या आडोशाने राहिले, त्यांचे आपण वंशज, असं या समाजातले बरेच जण मानतात. इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही. लेखकालाही दोन शंका होत्या. पण हात त्या पंजात असताना त्या काढाव्यात असं त्याला वाटलं नाही.

शनिवारवाडा आदल्या दिवशी उरकला होता. उत्तरेकडे तोंड करून उभा असलेला दिल्ली दरवाजा पाहून पाहुणे खूष झाले. म्हणाले, हा तर आमच्या गावाकडे बघतोय. आतलं बघण्यासारखं बरंचसं १८२८च्या आगीने आधीच उरकलेलं आहे. दगडूशेठ झाला, बाकरवडी झाली. मग पाहुण्यांनी मनातलं काढलं. "वो पुल दिखाओ जी, जिस पे से लौटने वाले लौटे थे."

पुणेकराने लकडी पूल कधी पाहिलेला नसतो. तो त्यावरून जातो. रोज जातो, शिव्या देत जातो, बसच्या खिडकीतून पलीकडे अलका टॉकीजवर कुठला सिनेमा लागलाय ते पाहतो. पुलाकडे पाहण्याचं त्याला काही कारण नसतं. एका माणसाला तो पाहण्यासाठी पानिपताहून यावंसं वाटलं, या विचाराने लेखक हेलावला आणि म्हणाला, "चला, मी नेतो."

"रिक्षाने न्या," लेखकाची सौ. आतून म्हणाली.

"स्कूटर आहे की."

"म्हणूनच म्हणतेय."

इथे लेखकाच्या पेट्रोलविषयक तत्त्वज्ञानाची ओळख करून द्यायला हवी. टाकी भरून ठेवणं म्हणजे पैसे झोपवणं, असं त्याचं मत आहे. तो पन्नास रुपयांचं पेट्रोल घालतो. ते संपत आलं की आणखी पन्नासचं. बँकेत मुदत ठेव आणि टाकीत चालू खातं. सौ.च्या मते हे तत्त्वज्ञान नसून दुखणं आहे, आणि ते लेखकाच्या वडिलांनाही होतं.

आता दुसरी अडचण. लकडी पुलावर तेव्हा दुचाकीला बंदी होती. कित्येक वर्षं चालत आलेली ही बंदी पुणेकराला जन्मतः ठाऊक असायची आणि बाहेरगावच्या माणसाला पावतीवरून कळायची. कोथरूडहून पेठेत जाणाऱ्या स्कूटरने वेगळी वाट धरायची. एक तर बाबा भिडे पूल. हा नदीच्या पात्राला जवळजवळ टेकून आहे. खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो बुडतो, आणि तो बुडाल्याखेरीज पावसाळा आला असं पुण्यात कुणी मानत नाही. नाही तर काकासाहेब गाडगीळ पूल, ज्याला त्याच्या आकारामुळे सगळे झेड ब्रिज म्हणतात. तिथे संध्याकाळी कठड्याला लावलेल्या दुचाक्यांवर जोडपी नदीकडे तोंड करून बसतात. नदीला त्या जागी जो वास येतो तो लक्षात घेता त्यांचं प्रेम खरं असावं.

लेखकाचा बेत मात्र पूर्ण कायदेशीर होता. स्कूटर डेक्कनला लावायची आणि पूल पायी दाखवायचा. बेताला पेट्रोलची साथ मिळाली नाही. खंडोजीबाबा चौकात, मागे पीएमपीची बस आणि पुढे लकडी पूल अशा अवस्थेत स्कूटरने दोन उचक्या दिल्या आणि ती थांबली. लेखकाने ती रिझर्व्हला टाकली. ती आधीच रिझर्व्हला होती.

मागे न्यायची तर अंगावर येणाऱ्या वाहनांच्या लोंढ्यात. तिथेच सोडायची तर गाड्या उचलून नेणारा टेम्पो चौकातच उभा, आणि त्यावरची पोरं लेखकाकडे आशेने बघत होती. पंप पलीकडच्या काठाला. लेखकाने हँडल धरून स्कूटर पुलाच्या दिशेने ढकलायला सुरुवात केली, तेवढ्यात शिट्टी वाजली.

"टू-व्हीलरला बंदी आहे."

"चालू नाहीये हो. ढकलतोय."

"ढकलली तरी टू-व्हीलरच." हवालदारांचा आवाज शांत होता. उन्हात उभं राहून त्यांनी हे वाक्य किती जणांना ऐकवलं असेल कोण जाणे. "फलक बघा."

फलकावर लाल वर्तुळात एक मोटारसायकल होती. लेखक ती बघत असताना मागून एक छत्री पुढे आली आणि तिच्या टोकाने फलकावर टकटक झालं. छत्रीच्या दुसऱ्या टोकाला एक आजोबा होते.

"या चित्रात माणूस आहे का?" आजोबांनी हवालदारांना विचारलं.

"नाही."

"म्हणजे रिकाम्या गाडीला बंदी. यांची गाडी रिकामी आहे का?"

"पेट्रोलने रिकामीच आहे," लेखक म्हणाला.

"तुम्ही मध्ये बोलू नका. तुमच्या बाजूने चाललंय."

बसने हॉर्न दिला. दोन कॉलेजकुमार थांबले, एक फुगेवाला थांबला. पाठीवर पोत्याचा घट्टा पडलेला, मंडईकडे परत निघालेला एक हमालही थांबला, कारण ओझं आणि वाद ही दोन्ही त्याची क्षेत्रं. वाद हळूहळू तत्त्वाच्या पातळीवर चढला. इंजिन बंद असेल तर ते वाहन की सामान? आजोबांचं म्हणणं, सामान. एका कॉलेजकुमाराचं म्हणणं, सायकलला तर इंजिनच नसतं. हवालदारांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निवाडा दिला, "हे बघा, चाक जोवर रस्त्यावर फिरतंय तोवर ते वाहन."

पाहुण्यांनी लेखकाकडून भाषांतर करून घेतलं. थोडा विचार केला. मग बाह्या सारल्या.

"तो टेकने ही नहीं देते जी."

आणि वाकून त्यांनी स्कूटरचं पुढचं चाक जमिनीवरून उचललं.

पुण्यात काय होईल सांगता येत नाही म्हणतात ते उगाच नाही. हमालाने पोत्याचा कपडा कमरेला बांधला आणि मागचं टोक ताब्यात घेतलं. "कंबरेतून न्हाई, गुडघ्यातून उठा," त्याने कॉलेजकुमारांना शिकवलं, एकाला डावीकडे लावलं, एकाला उजवीकडे. लेखकाने हात पुढे केला तेव्हा त्याच्याकडे एक नजर टाकून हमाल म्हणाला, "तुम्ही हेल्मेट धरा." हवालदारांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली आणि बसकडे वळून तिला हात दाखवला. "फुटपाथवरून न्या," एवढंच ते म्हणाले. चाक टेकलं नव्हतं. कायद्याला बोलायला जागा उरली नव्हती.

अशी स्कूटर निघाली. पुढे छत्री उंच धरून आजोबा, मध्ये चौघांच्या हातांवर स्कूटर, मागे हेल्मेट आणि किल्ली घेऊन लेखक, शेवटी फुगेवाला. बसच्या खिडकीतून कुणीतरी "पुंडलिक वरदे" म्हणालं आणि आतून उत्तरही आलं.

ती हाळी अस्थानी नव्हती. आषाढी वारीत आळंदी आणि देहूच्या दोन्ही पालख्या पुण्यात शिरतात त्या फर्ग्युसन रस्त्याने, खंडोजीबाबा चौकातून, याच पुलावरून. पुढे लक्ष्मी रस्ता, मग तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला आणि ज्ञानोबा भवानी पेठेत पालखी विठोबाला मुक्कामाला. त्या संध्याकाळी लकडी पुलावर माणूस चालत नाही, वाहतो. टाळ वाजायला लागले की कठड्याला लागून उभी असलेली बँकेतली, कॉलेजातली, दुकानातली माणसं चपला काढतात आणि पुढच्या माणसाच्या खांद्यावरून हात लांबवून पालखीला बोट लावायची धडपड करतात. लेखकाच्या आईने एकदा असं बोट लावलं होतं आणि दोन दिवस तो हात ती जपून वापरत होती.

स्कूटरला तेवढं भाग्य नव्हतं. पुलावर थोडंसं जाताच पहिला विसावा घ्यावा लागला. स्टँड लावायचा नाही, चाक टेकवायचं नाही. म्हणून हमालाने पोत्याचा कपडा अंथरला आणि स्कूटर त्यावर ठेवली. "कापडावर हाय, रस्त्यावर न्हाई," तो चौकाच्या दिशेने ओरडला. हवालदारांनी लांबून हात हलवला.

पाहुण्यांनी इकडेतिकडे पाहिलं. वाकून कठड्यावर बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं.

"लकड़ी कहाँ है जी?"

हा प्रश्न येणार हे लेखकाला ठाऊक होतं. मूळचा लाकडी पूल पुरात गेला आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलात इथे दगडी पूल झाला. कागदोपत्री तो आज छत्रपती संभाजी पूल आहे आणि तोंडी लकडी पूल. अलीकडे शनिवारवाड्याजवळचा शिवाजी पूल १९२३ साली खुला झाला, त्यालाही जुने पुणेकर नवा पूलच म्हणतात. लंडनकरांनी आपला १८३१चा लंडन ब्रिज १९६८ साली एका अमेरिकन उद्योगपतीला विकला आणि त्याने दगड क्रमांक घालून ॲरिझोनाच्या वाळवंटात परत रचला. आपल्याला ती सोय नाही. लकडी पूल विकायला काढला तर गिऱ्हाईक आधी लाकूड मागेल.

"आमच्या आजोबांनीसुद्धा लाकूड पाहिलेलं नव्हतं," छत्रीवाले म्हणाले. "ते काय महत्त्वाचं आहे?"

मग लेखकाने गोष्ट सुरू केली, कारण चार दमलेली माणसं आणि पळून जायला जागा नसलेला फुटपाथ असा श्रोतृवर्ग त्याला पुन्हा मिळणार नव्हता. पानिपतावरून फिरलेलं सैन्य पुण्याच्या वेशीशी आलं. हरून आलेल्यांना नेहमीच्या वाटेने, लोकांच्या डोळ्यांदेखत शहरात शिरायला तोंड नव्हतं. म्हणून नानासाहेब पेशव्यांनी घाईघाईने नदीवर लाकडी पूल घालून दिला, अशी आख्यायिका. त्यात पेशव्यांचा राग होता की माया, ते सांगणाऱ्याच्या पेठेवर अवलंबून असतं.

लेखकाला या गोष्टीतलं सगळं पटतं, फक्त वेग पटत नाही. लढाई १४ जानेवारीला. नानासाहेब पर्वतीवर वारले २३ जूनला. मधल्या पाच महिन्यांत लाकडं आली, तासली गेली, मुठेच्या पात्रात रोवली गेली आणि पूल उभा राहिला. आजच्या पुण्यात तेवढ्या वेळात निविदेचं शुद्धिपत्रक निघतं.

"आणि पेशवे इथं पुण्यात वाड्यात बसून वाट बघत होते," लेखक रंगात येऊन म्हणाला.

"नहीं जी," पाहुणे म्हणाले. ते हळू, समजावणीच्या सुरात बोलत होते. "पेशवा तो फौज ले के निकल चुका था. भेलसा तक आया था. वहीं खबर मिली."

बरोबर होतं. विदिशा, म्हणजे तेव्हाचं भेलसं; तिथे नानासाहेबांना मोती आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेली चिठ्ठी मिळाली, आणि थोरला मुलगा विश्वासराव व चुलतभाऊ सदाशिवराव गेले हे कळलं. तिथून ते मागे फिरले आणि सावरले नाहीत. त्यांची समाधी याच नदीकाठाला, पुलाच्या वरच्या अंगाला आहे. पूना हॉस्पिटलकडे जाणारा माणूस तिच्यावरून जातो आणि रुग्णाच्या डब्याचा विचार करत असतो. कॉलेजकुमारांनी आता लेखकाकडे पाठ करून पाहुण्यांकडे तोंड केलं होतं.

दुसरा विसावा पुलाच्या मध्यावर पडला. खाली मुठा होती. तिला नदी म्हणायला ज्या काही अटी लागतात त्या पावसाळ्याबाहेर ती पाळत नाही. जलपर्णी, प्लास्टिक, काळं पाणी, त्यात एका बगळ्याचा आशावाद. लेखकाला अशा वेळी पाहुण्यांना दुसरीकडे बघायला लावायची सवय आहे. पण पूल दाखवायला आणून नदी लपवायची कशी? या नदीकाठी शहर वाढलं, इथेच दर वर्षी गणपती बोळवायचा, इथेच पिंडदान करायचं, आणि रोजचा मैलाही इथेच सोडायचा. पुण्यात शब्दाच्या ऱ्हस्व-दीर्घावरून भांडणं होतात. या पाण्यावरून फारशी झालेली लेखकाने ऐकली नाहीत.

पाहुणे मात्र पाण्याकडे बघतच नव्हते. ते आलो त्या काठाकडे बघत होते.

"इधर से आए होंगे?"

लेखकाने मान हलवली. तेव्हा त्या बाजूला भांबुर्ड्याची आणि एरंडवण्याची शेतं. अलीकडे शहर.

"और उधर घर वाले खड़े होंगे."

कुणीच काही बोललं नाही. या पुलावर कोण कोण उभं राहिलं असेल, आणि येणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत आपलं माणूस शोधत शेवटची तुकडी गेल्यावर किती वेळ तिथेच थांबलं असेल, हे लेखकाच्या कपाटातल्या कादंबऱ्यांत होतं, पण त्याने त्यावर कधी पेन्सिलची खूण केली नव्हती.

"हमारे वाले नहीं आए," पाहुणे म्हणाले. मग जरा हसून, कठड्यावर हात ठेवून, "मैं आ गया जी. थोड़ी देर हो गई."

पुरती अडीचशे वर्षं झाली होती.

हमालाला हिंदी येत होती. त्याने काही न बोलता खांद्यावरचं फडकं काढलं, स्कूटरची सीट झटकली आणि पुसली. "बसा काका."

पाहुणे बसायला वळले.

"अहो, बसू नका!" आजोबा ओरडले. "बसलं की ती दुचाकी होते!"

पाहुणे उडी मारून बाजूला झाले. हवालदारांनी तिकडून शिट्टी मारली. ती इशाऱ्याची होती की दादेची हे अंतरामुळे कळलं नाही.

आजोबांना आता बोलायचं होतं. अडीचशे वर्षांचं सगळ्यांनी ऐकलं, पन्नास वर्षांचं कुणी विचारत नव्हतं. ते नारायण पेठेतले. १२ जुलै १९६१ला ते वाड्याच्या माळवदावर होते. आदल्या रात्री लष्कराचे जवान पानशेतच्या बांधावर वाळूची पोती रचत होते. सकाळी पानशेत फुटलं. ते सगळं पाणी खडकवासल्यावर आलं; खडकवासल्याचं जुनं धरण एकोणिसाव्या शतकातलं, त्यालाही ते पेललं नाही. मग मुठा शहरात आली. "हा पूल दिसेनासा झाला," आजोबांनी छत्रीने आडवी रेघ ओढली. "वरून पाणी चाललेलं. पाण्यात काय नव्हतं ते विचारा. पिंपं, कपाटं, म्हशी. आमच्या शेजारच्यांचा देव्हारा गेला तो समईसकट."

पाणी उतरल्यावर गाळात रुतलेली पेठ त्यांनी पाहिली. कित्येक वाडे बसले. नदीकाठची माणसं गोखलेनगरसारख्या पूरग्रस्तांच्या वसाहतींत जाऊन राहिली, आणि पेठांमधलं पुणं मोठ्या संख्येने बाहेर पडलं. पूल मात्र पाण्याखालून परत निघाला. "सत्राशे एकसष्ट, एकोणीसशे एकसष्ट," आजोबा म्हणाले, "या पुलाची एकसष्टी नेहमी जोरात होते." त्यांनी हा विनोद पूर्वीही केलेला असावा, पण कॉलेजकुमार हसले म्हणून ते फार सुखावले.

"पुन्हा उचला," हमाल म्हणाला.

आता हाताला रग लागली होती आणि गर्दीही वाढली होती. अनंत चतुर्दशीला विसर्जनाच्या मिरवणुका लक्ष्मी रस्त्याने येऊन या पुलाच्या तोंडाशी, अलकाच्या चौकात संपतात. त्या चौकाला मिरवणूक पाहायचा सराव असल्यामुळे की काय, लोक फुटपाथच्या कडेला रांगेने उभे राहिले. पुढे २०२१मध्ये या पुलावरून मेट्रोचे गर्डर न्यायची वेळ आली तेव्हा गणेश मंडळांनी विचारलं होतं की आमचे उंच रथ खालून जायचे कसे. काम थांबलं, बैठका झाल्या, आंदोलनं झाली, आणि शेवटी गर्डर बसले. मार्च २०२२मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो धावली, ऑगस्ट २०२३मध्ये ती पुढे रुबी हॉलपर्यंत गेली. आता लकडी पूल वरून दिसतो. गार डब्यात, नाकाला कसलाही वास न येता, तीन सेकंद. लेखक मुद्दाम त्या बाजूच्या खिडकीशी उभा राहतो. बाकीचे फोनमध्ये असतात.

पण २०११च्या त्या दुपारी वरती नुसतं ऊन होतं. शेवटच्या टप्प्यात एका कॉलेजकुमाराची पकड सुटायला आली तेव्हा लेखकाने हेल्मेट फुगेवाल्याकडे दिलं आणि खरोखर हात लावला. हमालाने त्याला हाकललं नाही. स्कूटर जड होती. टाकी रिकामी असूनही जड होती, आणि ती भरलेली असती तर उचलायची वेळच आली नसती, हा विचार लेखकाने सौ.ला न सांगायचं ठरवलं.

पूल संपला. अलकाच्या चौकात, फलकाच्या हद्दीबाहेर, चौघांनी "हां, हां, हळू" करत दोन्ही चाकं जमिनीला लावली. रांगेतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. हमालाने पैसे घेतले नाहीत. चहा घेतो म्हणाला, पण बनमस्का पाहिजे. पाहुणे हँडल धरून उभे होते आणि समोर बघत होते. लेखक त्यांना सांगत होता की इथून पुढे ती सदाशिव पेठ, सदाशिवरावभाऊंच्या नावाची, तेच भाऊ. आणि पाहुण्यांनी डोक्यावरचा फेटा नीट केला.

तेवढ्यात या बाजूचे हवालदार लगबगीने आले. त्यांनी मिरवणुकीचा फक्त शेवट पाहिला होता.

"ही गाडी पुलावरून आली?"

"आली नाही," आजोबा छत्री मिटत म्हणाले. "आणली."

हवालदारांनी त्यांना वगळलं आणि हँडल ज्याच्या हातात होतं त्याच्याकडे मोर्चा वळवला.

"कुठून आलात?"

चार दिवसांत पाहुण्यांना तेवढं मराठी आलं होतं. ते ताठ झाले.

"पानिपत से."

हवालदारांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग कमरेत वाकून नंबर प्लेट पाहिली.

"पासिंग तर एमएच बाराचं दिसतंय."